सोमवारी हटकून सुरू होणारी गाडी

तिचं काम लोकांच्या चहाच्या आधी सुरू व्हायचं. लॅबतर्फे घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, आणि तेही बहुतेक उपाशीपोटी. उपाशीपोटी रक्त द्यायचं असलेला माणूस रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही घेत नाही आणि सकाळी उठल्यापासून दाराच्या बेलकडे कान लावून बसतो. त्याला सव्वासहा सांगितलं असेल तर सव्वासहालाच पोचावं लागतं. साडेसहा झाले तर दार उघडणाऱ्याचं तोंड बघूनच कळतं की आता आपली धडगत नाही.

सोळा वर्षं ती हे करत होती. वसाहतीत तिला सगळे सुईताई म्हणायचे. लहान मुलं तिला बघून जिन्याखाली दडायची, पण म्हातारी माणसं तिच्याशिवाय दुसऱ्या कुणापुढे हात करायची नाहीत. हातावर दोन बोटं फिरवून डोळे किंचित बारीक केले की तिला शीर सापडायची, आणि टोचून होईपर्यंत समोरच्याला पत्ता लागायचा नाही. वेळ आणि हात, या दोन गोष्टींवर तिचं नाव होतं.

त्यातली वेळ गाडीमुळे बुडाली.

गाडी नऊ वर्षांची, पांढरी, छोटी. मागच्या सीटवर बर्फाची पेटी, तिच्या शेजारी नळ्यांचा स्टँड आणि पुढे कापूस-पट्ट्यांचा डबा, अशी तिची मांडणी ठरलेली. एका मंगळवारी पहाटे पावणेसहाला तिने पेटी ठेवली, पट्टा लावला, किल्ली फिरवली, तर गाडीतून फक्त ‘कट्’ असा आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘कट्’. काट्यांमागचे दिवे मिणमिणले आणि विझले.

तिने नवऱ्याला उठवलं. तो जमीन मोजणीच्या खात्यात होता. दिवसभर उन्हात साखळ्या ओढून आलेला माणूस झोपेतून एका हाकेत उठत नसे. तिसऱ्या हाकेला तो खाली आला, दोघांनी मिळून गाडी फाटकापर्यंत ढकलली, उतारावर ती एकदाची सुरू झाली. पहिलं घर साखरवाल्या आजोबांचं होतं. हे नाव तिनेच ठेवलेलं. मधुमेहाचे तिचे पेशंट चाळीस तरी असतील, पण ते आजोबा आपली साखर इतक्या अभिमानाने सांगायचे की नाव त्यांनाच चिकटलं. तोवर त्यांचा फोन आलाच.

“कुठे आहात? माझी बायको माझ्यासमोर बसून बिस्किट खातेय. मुद्दाम.”

“आलेच आजोबा, गाडी जरा अडली होती.”

“गाडीला म्हणावं, मीसुद्धा अडलोय.”

त्या दिवशी सगळीच घरं पंचवीस मिनिटं मागे पडली. दुपारी घरी आल्यावर तिने गाडी गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने बॅटरीवर मीटर टेकवला आणि मान हलवली.

“ताई, दिवा चालू राहिला असेल.”

“नाही राहिला.”

“सगळे असंच म्हणतात,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि बॅटरी चार्ज करून दिली.

चौथ्या दिवशी पुन्हा ‘कट्’. आठवड्याने पुन्हा. गॅरेजवाल्याने डायनॅमो तपासला, तारा तपासल्या, बॅटरीची टोकं खरवडून त्यांवर ग्रीस लावलं. दोष म्हणून काही सापडेना. शेवटी तो पुन्हा दिव्यावर आला. नवराही दिव्यावर आला. “तू पहाटेच्या घाईत असतेस, दुपारी दमलेली असतेस. राहतो एखाद वेळी.” वसाहतीचे सेक्रेटरी फाटकात भेटले तर त्यांनीही आपणहून सांगितलं की त्यांच्या मेहुणीचं अगदी असंच व्हायचं, आणि मेहुणी दिवा विसरायची.

या सगळ्यांत तिला जास्त लागलं ते सासऱ्यांचं बोलणं. सासऱ्यांना सगळं गाव मास्तर म्हणे. शाळेतले मास्तर नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. दोन्हीकडे ब्रेक असलेली गाडी घेऊन त्यांनी चाळीस वर्षं लोकांना रस्त्यावर आणलं होतं. लग्न होऊन आल्यावर तिलाही त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना कधी आवाज चढवला नाही. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान केलं. समोरचं दिसत होतं, कडेचं दिसत नव्हतं. गाडी बंद म्हणजे बंद, असं त्यांनी बजावलं. मास्तरांनी स्कूलची पाटी उतरवली, गाडी विकली आणि त्यावर एक शब्द काढला नाही. तेव्हापासून ते सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि संध्याकाळी अंगणात कोण गाडी वाकडी लावतं ते बघत.

“उतरताना तीन गोष्टी बघायच्या,” जेवताना ते म्हणाले. “ब्रेक, काच, दिवा. तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.”

“बाबा, मी बघते.”

“बघतेस गं. पण एखाद्या दिवशी नुसतं बघितल्यासारखं होतं.” आणि त्यांनी ताटातल्या भातात लक्ष घातलं.

मग तिने हट्टच धरला. रोज दुपारी गाडीतून उतरल्यावर ती सगळ्या बटणांवर हात फिरवायची, गाडीला चक्कर मारायची, पुढचे दिवे तळहाताने झाकून बघायची, मागचे वाकून बघायची. वरच्या मजल्यावरची माणसं खिडकीतून हे बघत असणार, हे तिला माहीत होतं. एकदा तर तिने जिन्यातून परत येऊन दुसऱ्यांदा चक्कर मारली. दुसऱ्या दिवशी पहाटे ‘कट्’. तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि एक मिनिटभर तशीच बसून राहिली. पेटीतला बर्फ वितळायला लागला होता.

लॅबमध्ये मशिनं दुरुस्त करणारा एक शांत माणूस होता. तिने त्याला सगळी हकीगत सांगितली. दिवा हा शब्द न उच्चारणारा तो पहिलाच. त्याने खणातून मीटर काढला.

“गाडी बंद असतानाही कोणीतरी बॅटरीतून वीज पितंय. कोण ते शोधायचं. बॅटरीची काळी तार सोडवायची, तार आणि बॅटरी यांच्या मध्ये हा मीटर जोडायचा. दारं लावून अर्धा तास थांबायचं, म्हणजे गाडीतलं सगळं झोपी जाईल. मग एकेक फ्यूज उपटायचा. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, तो चोर.”

रविवारी तिने नवऱ्याला चहाबरोबर मीटर हातात दिला. तो बॉनेटपाशी उभा राहून आकडे वाचत होता, ती आत उताणी पडून फ्यूज काढत होती. मास्तर जिन्याच्या पायरीवर बसून बघत होते. ते नेहमी अशा कामात चार सूचना करायचे. त्या दिवशी गप्प होते.

“शून्य पॉइंट चार,” नवरा म्हणाला. “शून्य पॉइंट चार. चार. चारच. थांब, दोन शतांश. कुठला काढलास?”

डिकीचा दिवा निघाला. झाकणाचं बटण अडकलेलं होतं, त्यामुळे डिकी बंद केल्यावरही आतला इवलासा दिवा जळत राहायचा. दिवा निघाला खरा, पण तिने चालू ठेवलेला नव्हे, हे तिने त्या दिवशी तिघांना वेगवेगळं गाठून सांगितलं. गॅरेजवाला म्हणाला, “म्हणजे दिवाच होता ना ताई.” तिने तिकडे दुर्लक्ष केलं. बल्ब काढून चहाच्या कपात ठेवला आणि त्या संध्याकाळी ती घरात गुणगुणत होती.

बुधवारी पहाटे गाडी ‘कट्’ म्हणाली.

त्या सकाळी ती रडली नाही की ओरडली नाही. सरळ रिक्षा केली, पेटी मांडीवर घेतली आणि आठ घरं रिक्षाने केली. संध्याकाळी तिने मंद चार्जर आणला. पुस्तकाएवढी पेटी, त्यातून बॅटरीला रात्रभर थोडी थोडी वीज जाते. गॅरेजवाल्याने त्याची एक छोटी पिन बॉनेटमधून समोरच्या जाळीपर्यंत आणून ठेवली, म्हणजे रोज बॉनेट उघडायला नको. घर पहिल्या मजल्यावर, गाडी बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. खिडकीच्या गजांतून लांब वायर खाली सोडायची, संध्याकाळी सातला जोडायची, पहाटे काढायची, असं ठरलं.

आता वायरीचं सुरू झालं. पहिल्या आठवड्यात सेक्रेटरी आले आणि म्हणाले, लटकती वायर नियमात बसत नाही. कुठल्या नियमात, असं विचारल्यावर ते म्हणाले, बघून सांगतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पिन जोडायला गेली तर वायरीवर कुणाचे तरी दोन पंचे आणि एक बनियन वाळत घातलेलं. तिने ते काढून फाटकावर लटकवलं, तर तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, “वाळले का हो?” आणि एकदा घाईत पिन काढायची राहून गेली. गाडी सुरू झाली या आनंदात तिने गियर टाकला, पुढे निघाली, आणि वर स्वयंपाकघरात एक्स्टेन्शन बोर्ड ओट्यावरून पाण्याच्या किटलीसकट खिडकीच्या गजावर आदळला. किटलीचा कान मोडला. नवरा दचकून जागा झाला, तेही पहिल्या हाकेला.

पण गाडी सुरू होत होती. ओळीने अठरा दिवस. तिची घरं वेळेवर व्हायला लागली. साखरवाले आजोबा म्हणाले, “आता बायको बिस्किट खाईपर्यंत तुम्ही येऊन जाता. तिचा सगळा उत्साह गेला.” तिने किटली नवी आणली आणि वायरीखाली एक पाटी लावली : इथे कपडे वाळत घालू नयेत.

एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी, गाडीने ‘कट्’सुद्धा केलं नाही. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. चार्जर तर रात्रभर जोडलेला होता; त्याचा लाल ठिपका तिच्याकडे बघत होता. रिक्षा मिळेना. ती पेटी खांद्याला लावून चालत निघाली. साखरवाल्या आजोबांकडे पोचायला सात वाजून दहा मिनिटं झाली.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. आजोबा पलंगावर आडवे होते, अंगातला सदरा घामाने ओला, हात थरथरत होते. साखर घसरली होती. बायकोने आधीच साखरपाणी पाजलं होतं, म्हणून निभावलं. ती त्यांच्या उशाशी बसली, नाडी धरली, घाम पुसला. अर्ध्या तासाने ते बोलायला लागले. रक्त त्या दिवशी घेण्यात अर्थच नव्हता. त्यांच्या बायकोने दारात एवढंच म्हटलं, “उद्यापासून दुसरं कुणी येत असेल तर बघा हो.”

लॅबने लेखी विचारणा केली. सोळा वर्षांतली पहिली. तिने तो कागद जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवला. नवरा म्हणाला, “होईल नीट.” मास्तर अर्ध्या जेवणावरून उठले. पोटाला बरं नाही म्हणाले.

रविवारची सुट्टी येईपर्यंत तिचं डोकं फक्त एकाच गोष्टीत होतं. तिच्या कामाची वही असायची, कुणाचं रक्त किती वाजता घेतलं त्याची. गाडी अडली त्या दिवसांना तिने समासात फुली मारलेली होती. रविवारी दुपारी तिने सगळ्या फुल्या एका कागदावर उतरवल्या. अडीच महिन्यांत बारा. मंगळवार तीन. बुधवार चार. गुरुवार दोन. शुक्रवार दोन. शनिवार एक. सोमवार एकही नाही.

ती कागदाकडे बघत बसली. तारेतला दोष वार बघून येत नाही. गळकी बॅटरीही सोमवार पाळत नाही. सोमवारी गाडी सुरू होते म्हणजे शनिवारी-रविवारी तिला काही होत नाही. आणि शनिवारी-रविवारी वेगळं काय असतं? दोन्ही दिवस नवरा सुट्टीवर घरी असतो, रविवारी ती स्वतःही दुपारी झोपत नाही. बाकीच्या दिवशी तो कामावर असतो, ती दोनला येते, जेवते, अडीचला खोलीचं दार लावून साडेचारपर्यंत मेल्यासारखी झोपते. गाडीची किल्ली बाहेरच्या दारामागच्या खिळ्यावर असते.

तिने कागद घडी करून वहीत ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मंगळवारी ती नेहमीसारखी जेवली, नेहमीसारखी जांभई दिली, खोलीचं दार लावलं आणि पलंगावर न पडता खुर्चीवर बसली. पंधरा मिनिटांनी पावलं वाजली. खिळ्यावरची किल्ली हळूच निघाली, मग दाराची कडी, तीही हळूच. तिने शंभरपर्यंत आकडे मोजले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली.

खाली भर उन्हात तिच्या गाडीचे पुढचे दोन्ही दिवे लख्ख पेटलेले होते. डावा इंडिकेटर लुकलुकत होता. कोरड्या काचेवर वायपर खरखर फिरत होते. पंखाही चालू असावा. चालकाच्या जागेवर तळमजल्यावरच्या टेलरबाई बसल्या होत्या, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, आणि त्यांच्या शेजारी मास्तर, पाठ ताठ, हात मांडीवर. काचा उघड्या होत्या. सगळं ऐकू येत होतं.

“रात्र आहे,” मास्तर म्हणत होते. “पाऊस लागलाय. समोरून ट्रक येतोय, त्याचा उजेड तुमच्या डोळ्यांवर. काय कराल?”

“डोळे मिटेन.”

“डोळे मिटायचे नाहीत, बाई. आपले दिवे खाली करायचे. करा.”

दिवे खाली झाले.

“आता वर.”

दिवे वर झाले. खिडकीत तिने गज घट्ट धरले. अडीच महिने. बारा फुल्या. डिकीचा बल्ब, किटलीचा कान, बनियन, लेखी विचारणा. ती चपला न घालता खाली गेली आणि गाडीच्या पुढ्यात, दोन्ही दिव्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

मास्तरांना समोरचं दिसायचं, पण उन्हात चेहरा नीट कळला नसावा.

“समोर पादचारी आहे,” ते शांतपणे म्हणाले. “काय कराल?”

टेलरबाईंचे हात स्टिअरिंगवरून गळून पडले. “मास्तर, ही तर तुमची सून आहे.”

मग मास्तरांनी हात पुढे करून किल्ली फिरवली. सगळं बंद झालं.

टेलरबाई आधी उतरल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, गळ्यात मोजपट्टी तशीच. त्या शाळेचे गणवेश शिवायच्या. नवऱ्याची छोटी व्हॅन होती. तो आठवड्यातले चार दिवस दुसऱ्याची बस चालवायचा, तेव्हा व्हॅन अंगणात उभी राहायची आणि शिवलेल्या गणवेशांचे गठ्ठे त्याची वाट बघत घरात पडायचे. मला शिकव, असं त्या त्याला सहा वर्षं म्हणत होत्या. तो म्हणायचा, तुझे हात मशिनीवरच बरे. शेवटी त्यांनी जिन्यात मास्तरांना विचारलं. मास्तरांच्या सदऱ्यांच्या कॉलरी अलीकडे नव्यासारख्या का दिसतात, हेही आता कळलं.

“माझ्यामुळे झालं,” टेलरबाई म्हणाल्या. “मला वाटलं, इंजिन बंद आहे म्हणजे काही खर्च होत नाही.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, ठीक आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली गेला होता. “बाबांना माहीत होतं. बाबा, तुम्हाला कधी कळलं?”

मास्तर गाडीतच बसून होते. “पहिल्याच दिवशी.”

“आणि मला म्हणालात, दिवा चालू राहिला असेल.”

“काहीतरी म्हणायला हवं होतं.”

“नंतर?”

“नंतर दिवे अधूनमधूनच लावायचो. बाकी नुसता क्लच आणि गियर. मग तू तो चार्जर आणलास. मला वाटलं, आता रात्रीत भरून निघेल. म्हणून रोज लावायला लागलो. दोन-दोन तास झाले.”

“तो चार्जर थेंबाथेंबाने भरतो, बाबा. तुम्ही बादलीने उपसत होतात.”

“हो,” मास्तर म्हणाले. “पण बाईंना रात्रीचं चालवणं जमत नव्हतं.”

तिला इतका राग आला होता की हसूही फुटेल असं वाटलं, आणि त्या हसण्याचा तिला आणखी राग आला. “साखरवाल्या आजोबांना घाम फुटला होता,” ती एवढंच म्हणाली. “माझ्यासमोर.” आणि वर निघून गेली.

दोन दिवस ती मास्तरांशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही. नवऱ्याने मध्ये पडून “म्हातारा माणूस, करमत नसेल” असं म्हणून बघितलं. तिने विचारलं, “आणि दिवा कोण विसरायचं?” त्यावर तो मोजणीचे नकाशे घेऊन आत गेला.

तिसऱ्या दिवशी तिने मास्तरांपुढे फोन ठेवला आणि साखरवाल्या आजोबांचा नंबर लावून दिला. “तुम्हीच सांगा.” मास्तरांनी सांगितलं, काही न लपवता. पलीकडून वीस मिनिटं बोलणं आलं. मास्तर मध्येमध्ये “हो”, “बरोबर आहे”, “नाही, मला अक्कल हवी होती” एवढंच म्हणत राहिले. शेवटी आजोबांच्या बायकोने फोन घेतला आणि आणखी दहा मिनिटं ऐकवलं. फोन ठेवून मास्तर म्हणाले, “सोमवारी ये म्हणतायत. तुलाच.” लॅबला मात्र तिने स्वतः लिहून दिलं की गाडीत दोष होता आणि तो आता सापडला आहे. कोणता, ते लिहिलं नाही.

जुनी बॅटरी इतक्या वेळा रिकामी होऊन कामातून गेली होती. नवी बसवली. गॅरेजवाल्याने विचारलं, “मग काय निघालं शेवटी?” ती म्हणाली, “दिवाच.” त्याने समाधानाने मान डोलावली. तिने दात आवळले.

मग तिने नियम केले. शिकवणं बंद करा, असं म्हणणार होती, पण सकाळी जिन्यात टेलरबाई भेटल्या, त्यांनी मान खाली घातली आणि हातातला गणवेशांचा गठ्ठा घेऊन भिंतीला लागून उभ्या राहिल्या. तो गठ्ठा बघून तिचा बेत बदलला. शिकवणी चालेल, पण तिला सांगून. गाडी उभी असताना दिवे, पंखा, वायपर यांतलं काही लावायचं नाही, लावल्यासारखं करायचं. रात्र, पाऊस आणि ट्रक तोंडी. शिकवणी झाली की चार्जर मास्तरांनी जोडायचा, पहाटे मास्तरांनीच उठून काढायचा, आणि ठिपका लाल आहे की हिरवा, म्हणजे बॅटरी भरली की नाही, हे तिला सांगायचं.

मास्तरांनी सगळं मान्य केलं आणि पहिल्याच दिवशी पहाटे पाचला तिच्या खोलीच्या दारावर टकटक करून सांगितलं, “हिरवा.” तिला आणखी वीस मिनिटं झोपायचं होतं. दुसऱ्या दिवशीही पाच. “हिरवा.” तिसऱ्या दिवशी नवरा उशीतून म्हणाला, “हा ठिपका लाल असता तर बरं झालं असतं.”

टेलरबाईंनी शिकाऊ परवाना काढला, तेव्हा त्यांच्या नवऱ्याला कळलं. तो वर येऊन मास्तरांना चार शब्द सुनावणार होता, पण दार सुईताईने उघडलं. ती नुकतीच अकरा घरं करून आली होती आणि जेवलेली नव्हती. तो म्हणाला, “नाही, सहज आलो होतो.” टेलरबाई पुढे परीक्षेत एकदा नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास. आता व्हॅन त्या चालवतात आणि वळण घेताना नवरा अजून दाराची मूठ धरतो.

पण त्याआधी रस्त्यावर सराव हवा होता, आणि शेजारी परवानाधारक माणूस हवा. मास्तरांचा परवाना गेलेला. म्हणजे कोण, हे सांगायची गरजच नव्हती. आठवड्यातली तिची एकमेव सुट्टी, रविवार, यात गेली. पहिल्या रविवारी टेलरबाई चालकाच्या जागी, ती शेजारी, आणि मास्तर मागे, बर्फाच्या पेटीच्या जागेवर. मागून एक अक्षर बोलायचं नाही, या अटीवर त्यांना घेतलं होतं.

वसाहतीबाहेरचा रस्ता टेलरबाईंनी पायी चालण्याच्या वेगाने पार केला. एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला. ती आपल्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होती, इतका की पोटरीत गोळा आला. मास्तर मागे गप्प होते. त्यांचा श्वास मात्र ऐकू येत होता, प्रत्येक गियरला एक.

चौकात सिग्नल लाल झाला. गाडी थांबली, थोडी वाकडी, पण थांबली. मागे चार-पाच गाड्या येऊन लागल्या.

“चुकलं माझं,” मास्तर मागून म्हणाले.

ती वळली नाही. तिला वाटलं, ते टेलरबाईंना काही सांगतायत.

“तुझ्यावर ढकललं, ते चुकलं. फोनवर त्यांना सांगितलं, तुला सांगायचं राहिलं होतं.”

अडीच महिने, आणि वर हे तीन आठवडे. इतक्या दिवसांत त्यांना जेवणाचं टेबल मिळालं होतं, जिना मिळाला होता, रोज पहाटे पाचचं दार मिळालं होतं. ती मागे वळणार, तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. टेलरबाईंनी क्लच सोडला, गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. मागून एक हॉर्न वाजला, मग दुसरा, मग सगळेच. टेलरबाईंनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात गालांवर ठेवले.

“बाबा, ते आपण घरी बोलू,” ती म्हणाली. “आधी यांना पहिला गियर सांगा.”

मास्तर पुढे वाकले. “घाबरायचं नाही, बाई,” ते म्हणाले. “हॉर्न त्यांचा आहे, रस्ता आपला आहे. क्लच दाबा. पूर्ण.”